हुपरीची झाळ आणि अतिसूक्ष्म नलिकांचे गणित

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यात, उत्तरेस पंचगंगा आणि दक्षिणेस दूधगंगा यांच्या मधल्या उसाच्या मुलुखात वसलेल्या हुपरीचे नाव काढले की महाराष्ट्रातल्या माणसाला प्रथम पैंजण आठवतात, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण पायांत सोने घालू नये हा आपल्याकडचा जुना दंडक असल्यामुळे पैंजण, वाळे, तोडे, जोडवी, मासोळ्या या साऱ्यांचा भार चांदीने उचलला, आणि विसाव्या शतकात ज्या थोड्या गावांनी ते अलंकार घडवून देशभरच्या पेठांत पोहोचवले त्यांत हुपरीचे स्थान फार वरचे आहे. या गावाचा इतिहास सांगणारे बहुधा नक्षीविषयी, घडणावळीविषयी, व्यापाऱ्यांनी दूरदूरच्या शहरांत केलेल्या फिरतीविषयी सांगतात, आणि तो सांगण्याजोगा आहेच. मला मात्र त्या उद्योगातील एका क्रियेविषयी लिहावयाचे आहे, जिच्यावाचून हुपरीचा एकही पैंजण पायापर्यंत पोहोचला नसता आणि जी अलंकार पूर्ण होताच दिसेनाशी होते, ती म्हणजे झाळण्याची क्रिया. चांदीच्या दोन कडांमध्ये राहिलेल्या, केसाएवढ्या रुंदीच्या फटीत वितळलेला धातू कोणीही न ढकलता आपण होऊन शिरतो आणि ती फट भरून काढतो. द्रवपदार्थ अरुंद वाटेत का शिरतो, किती वेगाने शिरतो, आणि वाट अरुंद होत होत अखेर काही रेणूंच्या रुंदीची उरली म्हणजे त्याचे काय होते, हा प्रश्न गेली तीनशे वर्षे पदार्थविज्ञानाला पडलेला आहे. आणि हुपरीच्या कारखान्यात ज्याला हात म्हणतात व विद्यापीठात ज्याला प्रतिमान म्हणतात, त्या दोहोंचा इतिहास एकत्र लिहिला गेला पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

मराठी मुलुखातील चांदीचे काम करणाऱ्याचा सरकारदरबाराशी जो संबंध येई, तो अलंकारांपेक्षा नाण्यांमुळे. गावचा वसूल रोकड रकमेत भरावयाचा झाला की त्या रकमेत नाणी नाना टांकसाळींची असत. कोणाचा कस उतरलेला, कोणाची कड घासलेली, कोणात तांब्याचा मेळ अधिक. कोल्हापूर संस्थानाचा स्वतःचा पन्हाळी रुपया होता, शेजारच्या संस्थानांचे व पेशवाईतले निरनिराळे रुपये होते, आणि कंपनी सरकारचाही होता. ही सारी नाणी पारखून खरीखोटी वेगळी काढण्याचे काम पोतदाराकडे असे, आणि हे वतन पुष्कळ ठिकाणी सोनाराच्या घरात चालत आलेले असे. पोतदाराचा निवाडा डोळ्याने, कानाने आणि कसोटीच्या दगडाने होई. पण वाद हातघाईवर आला, किंवा चांदी वितळवून शुद्धच करावयाची झाली, म्हणजे अग्नीपुढे उभे राहण्यावाचून गत्यंतर नसे.

ही अग्निपरीक्षा कशी होई हे आपल्या जुन्या ग्रंथांत स्पष्ट लिहिलेले आहे. सुमारे तेराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या, वाग्भटाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या रसरत्नसमुच्चय या ग्रंथात चांदीच्या शोधनाचा विधी दिला आहे: खापरात राख आणि चुना यांचे आळे करावे, त्यात चांदी व तितकेच शिसे ठेवावे, आणि शिसे नाहीसे होईपर्यंत ते धमत राहावे. प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हा या ग्रंथाकडे विद्वानांचे लक्ष विशेष वेधले गेले. अकबराच्या टांकसाळीचे वर्णन करताना अबुल फजलनेही आईने अकबरीत हाच प्रकार सांगितला आहे. जमिनीत खळगा करावा, त्यात शेणाची व बाभळीच्या लाकडाची राख ओलसर करून ताटलीसारखी दाबावी, आणि तीत हिणकस चांदी व शिसे घालून कोळशाच्या आचेखाली ठेवावे. वितळलेल्या शिशाचा हवेशी संयोग होऊन त्याचे मुरदाडशिंग बनते, तांबे वगैरे हीन धातूंची भस्मे त्यात विरघळतात, आणि हा सारा द्रव राखेच्या पोटात मुरून जातो. आळ्याच्या मध्यावर राहतो तो चांदीचा लखलखीत गोळा.

येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. राख तीच, तिची छिद्रे तीच, ताप तोच. मग एक द्रव त्या छिद्रांत मुरतो आणि दुसरा त्यांच्या तोंडावर गोळा होऊन बसून राहतो, याचे कारण काय? चांदी जड आहे म्हणून ती मुरत नाही असे म्हणावे, तर जडपणाने ती उलट खाली दाबली जावयास हवी. कारण असे आहे की मुरदाडशिंगाचा द्रव राखेच्या कणांना भिजवतो, त्यांच्याशी सलगी करून पसरतो, आणि म्हणून प्रत्येक सूक्ष्म छिद्र त्याला आत ओढून घेते. वितळलेली चांदी मात्र त्या कणांना भिजवीत नाही, तिचा पृष्ठताण पाण्याच्या पृष्ठताणाच्या सुमारे बारापट आहे, आणि छिद्राच्या तोंडावर तो तिला मागे रेटतो. छिद्र जितके बारीक तितका हा रेटा मोठा. म्हणून राख चाळून, ओली करून, दाबून बसवण्याची जी खटपट ग्रंथकारांनी सांगितली आहे, ती अक्षरशः नलिकांच्या रुंदीवर नियंत्रण ठेवण्याची खटपट आहे. ज्यांनी ती प्रथम बसवली त्यांच्यापाशी पृष्ठताणाची कल्पना नव्हती. परंतु एका द्रवाला वाट द्यावयाची आणि दुसऱ्याला अडवावयाचे, यासाठी भिंतीचा पदार्थ व वाटेची रुंदी या दोनच गोष्टी हाती धराव्या लागतात, हे त्यांनी निःसंशय ओळखले होते, आणि या ज्ञानाला नुसती कारागिरी म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते.

इंग्रजी अमदानीत १८३५ साली एकच रुपया सर्व मुलुखात चालू झाला, वजनाने १८० ग्रेन, म्हणजे पुरता एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा. त्यामुळे नाणेपारखीचे जुने वतन लयाला जाऊ लागले, पण चांदीच्या कारागिराला एक नवीनच सोय झाली. ठरावीक वजनाची आणि ठरावीक कसाची चांदी आता ज्याच्या त्याच्या कनवटीला होती, आणि रुपये आटवून अलंकार करून घेण्याची रीत देशभर रूढ झाली. १९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली, आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ती नाहीशीच झाली. तेव्हापासून कारखान्यात येणारी चांदी व्यापारी पेठेतून, विटेच्या रूपाने येते.

हुपरीचा उद्योग वाढला तो याच संधिकाळात. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १८९४ ते १९२२ या काळात, कोल्हापूर संस्थानात उद्योगधंद्यांना जे उत्तेजन मिळाले त्याने या प्रांताची वृत्तीच पालटली, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हुपरीत चांदीच्या कामाचा जम बसला. या गावाचे वैशिष्ट्य असे की सोनारकी ज्यांच्या घरात कधी नव्हती अशी शेतकरी कुटुंबेही या धंद्यात शिरली. एका पिढीत हातोडी धरावयास शिकली आणि दुसऱ्या पिढीत कारखानदार झाली. जातीने वाटून दिलेला धंदा गावाने सामायिक करावा ही गोष्ट आपल्या समाजात विरळा घडते, आणि हुपरीचा इतिहास लिहिताना तिला अग्रस्थान दिले पाहिजे. आजूबाजूची रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली ही गावे आणि सीमेपलीकडची कर्नाटकातली खेडीही या कामात ओढली गेली. १९६३ साली सुवर्णनियंत्रण आले आणि सोन्याच्या कारागिरांवर संकट कोसळले, तेव्हा चांदी त्या नियमांबाहेर राहिली होती हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

धंद्याची घडी अशी की व्यापारी किंवा कारखानदार चांदी देतो, आणि धडी उत्पादक म्हणून ओळखले जाणारे लहान कारागीर ती आपल्या घरी नेऊन, मजुरीवर, ठरलेल्या टंचाचा माल घडवून परत करतात. टंच म्हणजे शंभर भागांत शुद्ध चांदी किती याचा हिशेब, आणि साऱ्या व्यवहाराचा प्राण त्यात आहे. चांदी मुशीत आटवावयाची, तिची कांब पाडावयाची, ती जंत्रीच्या एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढून तार करावयाची, पत्र्यातून घुंगराच्या वाट्या उठवावयाच्या, कड्या वळावयाच्या, त्या एकमेकींत गुंफावयाच्या. यातले गुंफण्याचे पुष्कळसे काम घरोघरच्या स्त्रिया संसाराच्या रगाड्यात करीत आल्या आहेत. हे सारे झाले तरी हाती असतो तो सुट्या तुकड्यांचा जुळवलेला समूह. त्याचा अलंकार होतो तो झाळल्यावर.

झाळ म्हणून जो धातू वापरतात तो चांदीहून आधी वितळला पाहिजे. शुद्ध चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. तिच्यात तांबे मिसळत गेले तर हा अंक उतरत जातो आणि शंभरात सुमारे ७२ भाग चांदी व २८ भाग तांबे असताना ७८० अंशांच्या आसपास नीचांक गाठतो. जस्त किंवा पितळ घातले तर तो आणखी खाली येतो. म्हणून चांदीत पितळ मिसळून झाळ करण्याची जुनी रीत रसायनदृष्ट्या अगदी यथायोग्य आहे. सांध्याला टाकणखार लावतात. हा खार पूर्वी तिबेटातल्या सरोवरांच्या काठून हिमालयाच्या घाटांनी हिंदुस्थानात उतरत असे. तापल्यावर तो काचेसारखा वितळतो, धातूवर धरलेला काळा थर विरघळवून टाकतो, आणि झाळीला निर्मळ भिंत उपलब्ध करून देतो. कारण भिंत मळलेली असली तर झाळ तिला भिजवीत नाही आणि थेंब होऊन बाहेरच घरंगळते. मग ज्योत. पूर्वी कोळशाच्या शेगडीवर फुंकणीने वारा घालीत, आता गॅसची ज्योत असते. अनुभवी कारागीर ज्योत झाळीवर धरीत नाही. सांध्याच्या ज्या बाजूला झाळ न्यावयाची ती बाजू तो तापवतो, कारण झाळ उष्णतेकडे धावते, आणि ती धावली की एक चकाकी सांध्यावरून सरकून गेलेली दिसते. पहिला सांधा कठीण झाळीने, पुढचा मऊ झाळीने, म्हणजे दुसऱ्या वेळच्या तापाने पहिला उकलत नाही. आणि जेथे झाळ जाऊ नये तेथे गेरूचा किंवा खडूचा हात द्यावयाचा, ही सोनारकीतली जुनी युक्ती आहे.

झाळीत चांदी कमी असते. म्हणून सांध्यात झाळ जितकी अधिक तितका मालाचा टंच खाली. शेकडो कड्यांच्या आणि घुंगरांच्या पैंजणात प्रत्येक सांध्यावर कणभर झाळ जास्त पडली तर सगळ्या नगाचा टंच उतरतो, आणि तो उतरला की व्यापारात पत जाते. फट अरुंद ठेवण्याची, कडा घासून चपखल बसवण्याची जी शिस्त हुपरीच्या हातांना लागली तिच्या मुळाशी सौंदर्यदृष्टीबरोबर हा रोकडा हिशेब आहे. २००५ पासून भारतीय मानक ब्यूरोची प्रमाणमुद्रा चांदीलाही मिळू लागली. पण टंचाची करडी नजर त्याच्या कितीतरी आधीपासून धडी कारागिराच्या पाठीशी उभी होती.

आता या फटीचा शास्त्रीय इतिहास पाहू. १७१८ साली जेम्स ज्यूरिन या इंग्रज वैद्याने असे दाखवले की बारीक काचनळीत पाणी जितके वर चढते ती उंची नळीच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते. १८०५ साली टॉमस यंग याने द्रव आणि भिंत यांच्यामधील स्पर्शकोनाची कल्पना मांडली, पुढच्याच वर्षी लाप्लास याने तिला गणिताचे रूप दिले, आणि भिजणे व न भिजणे या रोजच्या अनुभवाला प्रथमच माप मिळाले. येथवर विचार होता तो स्थिर द्रवाचा. वाहत्या द्रवाचा नियम शोधला तो पॅरिसच्या प्वाझय या वैद्याने. त्याला माणसाच्या शरीरातील केशवाहिन्यांतून रक्त कसे वाहते हे हवे होते, आणि १८४० च्या सुमारास त्याने मिलीमीटरच्या अंशाएवढ्या काचनलिकांतून पाणी सोडून असे सिद्ध केले की प्रवाह व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात बदलतो. व्यास निम्मा केला की प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. जर्मनीत हागेन या जलशास्त्रज्ञाने हाच निष्कर्ष स्वतंत्रपणे १८३९ साली काढला होता. केशाकर्षणाचा, म्हणजे अरुंद वाटेत द्रव आपण होऊन शिरण्याचा, हा विषय किती प्रतिष्ठेचा होता हे यावरूनही कळेल की आइन्स्टाइनचा पहिला प्रसिद्ध निबंध, १९०१ सालचा, केशाकर्षणावरच होता.

ओढणारा पृष्ठताण आणि अडवणारी श्यानता, म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध, या दोघांना एका सूत्रात बसवण्याचे काम जर्मनीत लुकास याने १९१८ साली आणि अमेरिकेत वॉशबर्न याने १९२१ साली केले. म्हणजे हुपरीतल्या शेगड्या धगधगत होत्या त्याच दशकांत त्या शेगड्यांवर काय घडते याचे सूत्र दोन परदेशी माणसे लिहीत होती, आणि परस्परांची गाठ पडण्याचा संभव नव्हता. ते सूत्र आपण हुपरीच्या सांध्याला लावून पाहू. फट एका मिलीमीटरच्या विसाव्या हिस्स्याची, सांध्याची खोली तीन मिलीमीटर, वितळलेल्या चांदीची श्यानता पाण्याच्या सुमारे चौपट, आणि भिंत पूर्णपणे भिजणारी असे धरले तर ती फट भरावयास एका सेकंदाच्या हजार भागांपैकी दोन-तीन भाग पुरतात. डोळ्याची पापणी लवावयास याहून कितीतरी अधिक काळ लागतो. मग प्रत्यक्षात कारागिराला दिसणारी ती सावकाश सरकणारी चकाकी कसली? ती उष्णतेची सीमा आहे. धातू जसजसा तापत जातो तसतशी झाळ त्याच्यामागून जाते, आणि प्रवाहाला स्वतःचा म्हणून विलंब जवळजवळ नसतोच. झाळ उष्णतेकडे धावते या कारखान्यातल्या वचनाला वॉशबर्नच्या सूत्राने असे पाठबळ मिळते. आता तीच फट कल्पनेने पाच हजारपट अरुंद करा, म्हणजे ती दहा नॅनोमीटरची होईल. नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग. सूत्राप्रमाणे तेच तीन मिलीमीटर अंतर जावयास आता सुमारे बारा सेकंद लागतील. ओढ पाच हजारपटींनी वाढलेली असूनही भिंतींच्या घर्षणाने तिच्यावर मात केलेली असते.

परंतु हे सूत्र इतक्या अरुंद वाटेत लागू पडते काय? हा प्रश्न दूरचा वाटेल, पण तो हुपरीच्या सांध्यातच दडलेला आहे. पसरणाऱ्या द्रवाच्या दिसणाऱ्या कडेच्या पुढे, डोळ्याला न दिसणारे, काही नॅनोमीटर किंवा त्याहूनही कमी जाडीचे एक पटल आधी धावत असते. हार्डी या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१९ साली त्याचा सुगावा लावला, पिएर-जिल द झेन या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकाने १९८५ साली त्याच्या मीमांसेला व्यवस्थित रूप दिले, आणि वितळलेल्या धातूंच्या पुढेही अशी पटले आढळली आहेत. तेव्हा अतिसूक्ष्म प्रवाह ही केवळ प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून आणावयाची वस्तू आहे असे समजण्याचे कारण नाही.

प्वाझयच्या नियमात एक गृहीतक आहे, ते असे की भिंतीला टेकलेला द्रवाचा थर हलत नाही. १८२३ सालीच नाव्हिए याने असे सुचवले होते की तो थर भिंतीवरून थोडासा घसरतही असेल. पण रुंद नळीत त्या घसरणीने काही फरक पडत नसल्यामुळे शंभराहून अधिक वर्षे तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. नलिका नॅनोमीटरची झाली की तीच घसरण सर्वेसर्वा होऊन बसते. तिचा छडा लावावयाचा तर द्रवाला अखंड वस्तू मानून भागत नाही. एकेका रेणूचा माग काढावा लागतो, आणि ते हाताने होणारे काम नाही. या मार्गाचा पाया घालणाऱ्यांत आपल्या दख्खनच्या एका सुपुत्राचे नाव अग्रभागी आहे याचा मला अभिमान वाटतो. हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत १९६४ साली संगणकावर आर्गॉन वायूच्या ८६४ अणूंचा द्रव मांडला आणि प्रत्येक अणूवर इतर अणूंनी लावलेले बल मोजून क्षणाक्षणाला त्यांची स्थाने ठरवीत नेली. १९७१ साली त्यांनी स्टिलिंजर यांच्याबरोबर पाण्याच्या २१६ रेणूंचे असेच प्रतिमान केले. आज अतिसूक्ष्म वाहिनीतून जाणाऱ्या पाण्याचे जे जे गणित होते ते बहुतेक याच वाटेने जाते.

२००१ साली हुमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बनच्या एका नळीचे असे प्रतिमान केले. तिची रुंदी सुमारे ०.८ नॅनोमीटर, म्हणजे पाण्याचे रेणू तीत एकामागे एक, एकाच ओळीत शिरतील एवढी. कार्बनची भिंत पाण्याला जवळ करीत नाही, म्हणून नळी कोरडी राहील अशी अपेक्षा. पण ती भरली, आणि पाणी तीतून झपाट्याने गेले. २००५ साली मजुमदार प्रभृतींनी अशा नलिकांचा प्रत्यक्ष पडदा करून मापे घेतली आणि प्वाझयच्या नियमाहून प्रवाह दहा हजार ते लाखपट असल्याचे प्रसिद्ध केले. पुढच्या वर्षी होल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन नॅनोमीटरहून बारीक नलिकांसाठी हा अंक हजारपटीहून अधिक सांगितला. आकड्यांतली ही तफावत क्षुल्लक नाही, आणि ती मिटवण्यासाठी एकेका सुट्या नळीतून पाणी सोडण्याचा अवघड प्रयोग करावा लागला. तो पॅरिसमध्ये बोके यांच्या गटाने २०१६ साली केला, आणि त्यात दिसले ते असे की कार्बनच्या नळीत घसरण पुष्कळ आहे व नळी बारीक होईल तसतशी ती वाढते. पण अगदी तशाच रचनेच्या बोरॉन नायट्राइडच्या नळीत ती जवळजवळ नाहीच. दोन्ही भिंती सारख्याच गुळगुळीत, तरी एकीवरून पाणी निसटते आणि दुसरीला चिकटून राहते. २०२२ साली त्याच परंपरेतील संशोधकांनी याचे कारण भिंतीतील इलेक्ट्रॉनांच्या हालचालीत शोधले आणि त्याला क्वांटम घर्षण असे नाव दिले. म्हणजे भिंत कोणत्या पदार्थाची, हा पोतदाराच्या राखेच्या आळ्यापुढचा प्रश्न येथे इलेक्ट्रॉनपर्यंत जाऊन पोहोचला आहे. त्याच २०१६ साली, बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात शिक्षण घेतलेल्या बी. राधा यांनी मँचेस्टरमध्ये गाइम यांच्या गटात ग्राफीनचे अणुजाडीचे पट्टे काढून घेऊन मागे उरलेल्या पोकळीची वाहिनी बनवली. एका अणुथराच्या उंचीइतक्या अचूकपणे मापलेल्या अशा वाहिन्यांत पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरपर्यंत भरला. आणि २०२० साली त्याच प्रकारच्या वाहिन्यांत असेही आढळले की बारीक छिद्रात वाफेचे पाणी केव्हा होते याविषयी केल्व्हिनने १८७१ साली लिहिलेला नियम, जेथे तो कोलमडावयास हवा होता अशा दोन नॅनोमीटरहून अरुंद जागीही, आश्चर्य वाटावे इतका टिकून राहतो. जुने नियम कोठे मोडतात आणि कोठे मोडत नाहीत हे आधी सांगता येत नाही. मोजूनच पाहावे लागते.

या कथेचे एक प्रकरण हुपरीपासून फार दूर घडलेले नाही. १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याच्या पदार्थविज्ञान विभागात प्राध्यापक ए. व्यंकटेश्वर राव यांनी एअर ग्लास लॅबोरेटरी उभी करून सिलिकाच्या एरोजेलवर दीर्घकाळ संशोधन केले. एरोजेल ही जवळजवळ पोकळच वस्तू. तिच्यातला घन भाग अत्यल्प, बाकी सगळी छिद्रे, आणि ती छिद्रे बहुतेक दोन ते पन्नास नॅनोमीटरांची. आधी ओला जेल तयार करावयाचा, आणि मग त्याच्या छिद्रांतला द्रव काढून टाकावयाचा. अडचण सारी या काढण्यात आहे. दहा नॅनोमीटर रुंदीच्या छिद्रातून पाणी सुकू लागले की त्याचा वक्र पृष्ठभाग भिंतींना आत ओढतो, आणि ती ओढ, लाप्लासच्या सूत्राने हिशेब केला तर, वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २९० पट भरते. नाजूक सांगाडा तिच्यापुढे टिकत नाही. तो चेपतो आणि चिरफाळतो. अमेरिकेत किस्टलर याने १९३१ साली यावर तोडगा काढला तो असा की दाब आणि ताप इतका वाढवावयाचा की द्रव आणि वायू हा भेदच उरू नये. मग वक्र पृष्ठभाग नाही, आणि ओढही नाही. पण त्याला जाड पोलादी भांडी लागतात, आणि धोकाही असतो. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेने भिंतीचा स्वभाव पालटण्याची वाट चोखाळली. छिद्रांच्या भिंतींवर मिथिल गट बसवून त्यांना पाणी नको असे केले, म्हणजे साध्या हवेत सुकवतानाही आकसलेला सांगाडा पुन्हा उमलतो. २००६ साली या गटाने मिथिलट्रायमेथॉक्सिसिलेनपासून वाकवता येणारे एरोजेल केले. त्यावर पाण्याचा थेंब दीडशे अंशांहून मोठ्या स्पर्शकोनाने गोळा होऊन बसतो, आणि तेल व सेंद्रिय द्रव मात्र त्याच्या स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट आत शोषले जातात.

हुपरीचा कारागीर आणि कोल्हापूरची प्रयोगशाळा एकाच तत्त्वावर, एकाच जिल्ह्यात काम करीत आली आहेत, आणि त्यांची गाठ आता तरी घातली जावी. हुपरीच्या एखाद्या घुंगराचा सांधा आडवा कापून, घासून, विद्यापीठातल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा. हातांनी चपखल बसवलेली ती फट किती सूक्ष्म उतरली आहे, झाळ तिच्या टोकापर्यंत पोहोचली आहे की टाकणखार मध्येच अडकून राहिला आहे, कठीण झाळ आणि मऊ झाळ यांच्या सीमेवर तांबे व जस्त किती आत झिरपले आहे, हे मोजावे. एकाच कारागिराचे वेगवेगळ्या ज्योतींवर केलेले सांधे शेजारी शेजारी ठेवून टंचाशी ताडून पाहावेत. आणि ज्याने ते सांधे झाळले त्याचे नाव त्या निबंधावर लेखक म्हणून घालावे.